लग्न कोकणात, संसार अमेरिकेत: ग्रीन कार्ड मिळवताना आणि टिकवताना

आमचं घर देवगड तालुक्यात, खाडीच्या अंगाला. घरातले सगळे कागद पत्र्याच्या पेटीत आणि पेटी माळ्यावर. लग्नानंतर वर्षभरानं आमचा अर्ज पुढे सरकला, नवऱ्यानं न्यू जर्सीहून फोन करून जन्मदाखला मागितला, तेव्हा बाबांनी ती पेटी खाली उतरवली. वाळवीनं दाखल्याची एक कड खाल्ली होती. उरलेल्या कागदावर आईचं नाव होतं, बाबांचं होतं, गाव होतं, तारीख होती. माझ्या नावाच्या रकान्यात मात्र नुसतं "मुलगी". शाळेत मी होते, कॉलेजात होते, पासपोर्टावर होते, पण जन्माच्या नोंदीत नव्हते. ती एक नोंद पुरी व्हायला चार महिने गेले. ते चार महिने नवरा तिकडे आणि मी इकडे.

त्यानंतर आमच्या भागातल्या आठ-दहा मुलींना आणि दोन मुलग्यांना मी या कागदांत मदत केली. अमेरिकन नागरिकाशी लग्न झालं की ग्रीन कार्ड मिळतं, हे खरं. पण ते आपोआप मिळत नाही, आणि मिळालं म्हणून आपोआप टिकतही नाही. मी वकील नाही. आधी व्हिसा नाकारला गेलाय, अमेरिकेत मुदतीबाहेर राहणं झालंय, एखादी पोलीस केस आहे, असं काहीही असेल तर तिथल्या इमिग्रेशन वकिलाकडेच जा. बाकी साध्यासरळ केससाठी हा लेख पुरेसा व्हावा.

"मुलगा अमेरिकेत असतो" म्हणजे नक्की काय

स्थळ येतं तेव्हा एवढंच सांगितलं जातं. पण अमेरिकेत असणं तीन तऱ्हेचं असतं, आणि तिन्हींत तुमचं भविष्य वेगळं.

मुलगा नागरिक असेल तर बायको थेट "जवळची नातेवाईक" धरली जाते. वर्षाला इतकेच व्हिसा, अशी मर्यादा तिला नाही, म्हणजे रांग नाही. लागतो तो वेळ कागद तपासण्याचा. तो स्वतः ग्रीन कार्डावर असेल तर बायको 'एफ-२ए' नावाच्या गटात जाते. तिथे दरवर्षीची मर्यादा आहे आणि रांग पुढेमागे होत राहते. मधेच तो नागरिक झाला तर मात्र तीच केस वरच्या गटात जाते. आणि तो एच-१बी वर नोकरी करत असेल तर बायकोला एच-४ मिळतो. तो त्याच्या नोकरीवर अवलंबून असलेला तात्पुरता व्हिसा, कायमचं राहणं नव्हे.

म्हणून साखरपुड्याआधी त्याचा अमेरिकन पासपोर्ट किंवा नागरिकत्वाचं प्रमाणपत्र पाहायला मागा. वडीलधाऱ्यांना हे विचारायला संकोच वाटतो, पण मुलगी परमुलखात पाठवताना हा प्रश्न विचारणं ही काळजी आहे, अविश्वास नाही. नागरिक मुलगी आणि कोकणातला मुलगा असं लग्न असेल तरी सगळे नियम हेच, शब्दाला शब्द.

आणि एखादा एजंट "कागदावर लग्न करून देतो" म्हणाला तर त्या वाटेला जाऊ नका. खोट्या लग्नाला तिथे पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे. शिवाय असं लग्न एकदा नोंदीवर आलं की पुढे खरं लग्न केलं तरी त्या माणसाचा अर्ज मंजूर होत नाही.

साखरपुड्यावर जायचं की लग्न करून

के-१ हा वाग्दत्त वधू-वरांचा व्हिसा. त्यावर जायचं, पोचल्यापासून ९० दिवसांत तिथे लग्न करायचं, मग तिथेच आय-४८५ अर्ज करून ग्रीन कार्ड मागायचं. अट अशी की अर्जाआधीच्या दोन वर्षांत दोघं प्रत्यक्ष भेटलेले हवेत आणि लग्न झालेलं नसावं. आपल्याकडे अडतं ते इथेच. साखरपुड्यातच हार घातलेले, हळद लागलेली, पाचशे माणसं जेवलेली. फोटो बघणाऱ्या अधिकाऱ्याला ते लग्नच वाटतं, आणि लग्न झालं असेल तर के-१ मिळत नाही. माझं मत स्पष्ट आहे: आपल्या घरांत लग्न गावातच व्हायचं असतं, तर ते नीट करा, नोंदवा आणि पत्नीच्या किंवा पतीच्या व्हिसावर जा. उतरल्या दिवसापासून काम करता येतं आणि दुसरा मोठा अर्ज भरावा लागत नाही.

पर्यटक व्हिसावर जाऊन तिथेच राहायचं आणि मग अर्ज करायचा, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. फिरायला येतोय असं सांगून राहायलाच गेलात तर ते खोटं बोलणं ठरतं, आणि तो डाग पुसायला फार त्रास होतो. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तुम्ही आधीच रीतसर तिथे असाल आणि मग लग्न ठरलं, तर गोष्ट वेगळी. तेव्हा तिथूनच अर्ज करता येतो.

लग्नाची नोंद

पत्रिका, भटजी, मांडव या सगळ्याचा तिकडे पुरावा म्हणून उपयोग आहे, पण मुख्य कागद एकच, विवाह नोंदणीचा दाखला. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली लग्नाची नोंद होते, आणि गावात ग्रामसेवकच विवाह निबंधक असतो. नमुना 'ड' भरायचा, दोघांच्या सह्या, तीन साक्षीदार, लग्न लावणाऱ्या भटजींची किंवा काझींची सही. लग्नापासून ९० दिवसांत करा. उशिरा होते, पण दंड आणि जादा खेपा. नवरा पंधरा दिवसांच्या रजेवर आलेला असतो. म्हणून लग्नाच्या आठवडाभर आधी पंचायतीत जाऊन फॉर्म आणून ठेवा, साक्षीदार ठरवून ठेवा आणि पूजा आटोपली की दुसऱ्याच दिवशी दोघं जाऊन या.

निकाह झाला असेल तर निकाहनामा आणि ही नोंद, दोन्ही ठेवा. दोघांचे धर्म वेगळे असतील तर बहुतेक वेळा १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करावं लागतं. त्यात तीस दिवसांची नोटीस असते आणि दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात नोटिशीआधी किमान तीस दिवस राहिलेला लागतो. रजेचा हिशेब त्याप्रमाणे.

कुणाचं हे दुसरं लग्न असेल तर पहिल्याचा शेवट कशानं झाला याचा कागद लागतो: कोर्टाच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत किंवा मृत्यूचा दाखला. स्टँपपेपरवर लिहिलेल्या काडीमोडावर विसंबू नका.

नाव: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

आमच्याकडे लग्नात नवरा तांदळाच्या ताटात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. माहेरची सुनंदा सासरी सानिका होते, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, आडनाव बदलतं. म्हणजे नावाचे तिन्ही शब्द बदलले. मग लग्नाच्या दाखल्यावर सानिका, पासपोर्टावर सुनंदा, आधारवर अर्धं हे अर्धं ते, बँकेत आणखी तिसरंच. इथे हे सगळ्यांना कळतं. मुंबईच्या अमेरिकन वाणिज्य दूतावासातल्या खिडकीपलीकडच्या माणसाला त्यात दोन वेगळ्या बायका दिसतात.

ताटातलं नाव ताटात राहू द्या, ती हौस आहे आणि सुंदर आहे. पण कागदावर एकच नाव ठेवा, पासपोर्टावरचं. लग्नानंतर पासपोर्टावरचं नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही. माहेरच्या नावानं सगळी प्रक्रिया पुरी करता येते, आणि अर्ज चालू असताना नाव बदलण्याइतकी वेळखाऊ गोष्ट दुसरी नाही. बदलायचंच असेल तर अर्ज टाकण्याआधी बदला आणि सगळीकडे बदला. अर्जात "आणखी कोणती नावं वापरलीत" असा रकाना असतो. तिथे एकूण एक लिहा: माहेरचं, सासरचं, शाळेतलं, घरचं नाव कुठल्या कागदावर आलं असेल तर तेही.

आडनावाचाही घोळ असतो. आमच्या सिंधुदुर्गात एकाच घरात आजोबांचं आडनाव गावकर, वडिलांचं मूळ आडनाव, आणि काकांनी मुंबईला जाऊन तिसरंच लावलेलं. जन्मदाखल्यावर वडिलांचं एक आडनाव आणि वडिलांच्याच ओळखपत्रावर दुसरं, असं असेल तर दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

तारखेचा तिसरा घोळ. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीसाठी १ जून लिहिला, आणि पंचायतीच्या नोंदीत जन्म फेब्रुवारीतला. आईवडिलांच्या पिढीत तर हे घरोघरी आहे, पण आजच्या मुलामुलींतही मी पाहिलंय. पासपोर्ट आणि जन्मदाखला यांत एका दिवसाचाही फरक नको.

जन्मदाखल्यात नाव नसेल, माझ्यासारखं, तर जन्म जिथे नोंदला त्याच पंचायतीत किंवा नगरपालिकेत शाळा सोडल्याचा दाखला आणि आईवडिलांचे कागद घेऊन नाव चढवून घ्या. नोंदच सापडत नसेल तर नोंद नसल्याचा, म्हणजे अनुपलब्धतेचा दाखला घ्या, आणि सोबत शाळा सोडल्याचा दाखला व आईवडिलांचं प्रतिज्ञापत्र जोडा. पावसाळ्यात ग्रामसेवक तीन-तीन गावं सांभाळत असतो, रस्ते बंद असतात. हे काम शिमग्याच्या आसपास उरकून घ्यावं.

मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर लागतं. भाषांतर करणाऱ्यानं खाली लिहून सही करायची: मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण व बरोबर आहे. शिक्के, कोपऱ्यातल्या तिकिटावरचा मजकूर, सगळं भाषांतरात आलं पाहिजे. हे स्वतः किंवा नवऱ्यानं न करता त्रयस्थाकडून करून घेतलेलं बरं.

अर्ज आणि वाट पाहणं

पहिला अर्ज नागरिक असलेला जोडीदार करतो, आय-१३०. सोबत तुमच्या माहितीचा आय-१३०ए. एप्रिल २०२४ पासूनच्या दरानं ऑनलाइन ६२५ डॉलर, कागदावर ६७५. दर बदलतात, म्हणून भरायच्या दिवशी अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या (यूएससीआयएस) संकेतस्थळावर पाहूनच भरा.

यात सिद्ध करायचं असतं की लग्न खरं आहे. तीनशे फोटोंचा अल्बम पाठवू नका. वीस-पंचवीस पुरे, पण प्रत्येकाखाली कोण, कुठे, कधी. दोन्हीकडची माणसं एकत्र दिसतील असे निवडा: मांडवातला, साखरपुड्यातला, नंतर नवरा गणपतीला आला तेव्हाचा. त्याच्या येण्याजाण्याचे बोर्डिंग पास टाकून देऊ नका. मुंबई, मोपा, चिपी, जिथे उतरला तिथले, आणि कोकण रेल्वेची तिकिटंसुद्धा. फोनच्या नोंदी, पैसे पाठवल्याच्या पावत्या, नवऱ्याच्या विम्यात किंवा बँकेत वारस म्हणून तुमचं नाव. आई मला रोज म्हणायची, "कागद नीट ठेव गो बाय, हय पावसात कायच रवणा नाय." मी प्लॅस्टिकची झिपवाली पिशवी घेतली, आत टपालाचा प्रत्येक कागद, आणि पिशवी कपाटात वरच्या फळीवर. सगळ्याचे फोटो मोबाइलमध्ये आणि नवऱ्याकडे.

हा अर्ज मंजूर व्हायला वर्षभर किंवा जास्त धरून चाला. मग केस नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे दोन फिया, ३२५ आणि १२० डॉलर, मग डीएस-२६० हा तुमचा फॉर्म आणि आय-८६४ हे जोडीदाराचं पालनपोषणाचं हमीपत्र. डीएस-२६० मध्ये सोशल सिक्युरिटी क्रमांक हवा का, असा प्रश्न आहे. हो म्हणा, एक चक्कर वाचते.

हमीपत्राला उत्पन्नाची अट आहे: गरिबीरेषेच्या सव्वापट. २०२५ च्या आकड्यानं दोघांच्या कुटुंबाला वर्षाला २६,४३७ डॉलर. कमी पडत असेल तर तिथे राहणारा दुसरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीनं हमी देऊ शकतो. मालमत्ताही धरतात, नागरिकाच्या जोडीदारासाठी तुटीच्या तिप्पट. पण ती वर्षभरात विकून पैसा करता येईल अशी हवी. माझ्याकडे एक काका सातबारा घेऊन आले होते, हापूसची दोनशे कलमं. उताऱ्यावर नावं चौदा, त्यातली दोघं वारलेली, वारसनोंद नाही. अशी बाग वर्षात विकली जात नाही, तिच्यावर हमी उभी राहत नाही. आणि हमी देणाऱ्यानं हे समजून सही करावी की घटस्फोट झाला तरी ही जबाबदारी संपत नाही. तुम्ही नागरिक होईपर्यंत किंवा कामाच्या ४० तिमाही भरेपर्यंत ती साधारण राहतेच.

पोलीस दाखला पासपोर्ट कार्यालयाकडून मिळतो. पण एक गोष्ट आपल्या भागात हमखास विसरली जाते. सोळा वर्षांनंतर दुसऱ्या एखाद्या देशात वर्षभर किंवा जास्त राहिला असाल तर तिथलाही दाखला लागतो. रत्नागिरी, राजापूर, दापोलीकडची कितीतरी माणसं दुबईला, कुवेतला, मस्कतला राहून आलेली आहेत. तिथला दाखला इथे बसून मिळवायला महिने लागतात. हे काम आय-१३० चालू असतानाच समजून घ्या.

मुंबईचे दोन दिवस

वैद्यकीय तपासणी वाणिज्य दूतावासानं नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते. गावच्या डॉक्टरांचा दाखला चालत नाही, पण लहानपणापासूनच्या लसींचं कार्ड असेल तर न्या, टोचण्या वाचतात. छातीचा एक्स-रे काढतात. क्षयाची शंका आली तर थुंकीची तपासणी होते आणि तिचा निकाल यायला आठ आठवडे लागतात. ज्यांना पूर्वी क्षय होऊन बरा झाला, त्यांनी जुने उपचारांचे कागद न्यावेत. दिवस गेले असतील तर एक्स-रेआधी सांगा.

मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलात. रात्रीच्या गाडीनं येऊन सकाळी थेट रांगेत उभं राहू नका. आदल्या दिवशी नातेवाइकांकडे मुक्काम करा. मूळ कागद सगळे, आणि ते काढून देता येतील अशा क्रमानं. प्रश्न साधे असतात: कसे भेटलात, लग्नाला त्याच्याकडून कोण कोण आलं होतं, तो काय काम करतो, त्याचं आधी लग्न झालं होतं का. पाठ करून गेलात की आवाज बदलतो. इंग्रजीची भीती असेल तर मराठीत बोलायचंय असं सांगा. माहीत नसेल ते माहीत नाही म्हणा. ठरवून झालेल्या लग्नात सगळं माहीत नसतं, आणि ते त्यांनाही ठाऊक आहे. एखादा कागद कमी असला तर चिठ्ठी देऊन तो मागवतात. तो नकार नव्हे. कागद द्या, केस पुढे जाते.

व्हिसा मिळाला की अमेरिकेत उतरण्याआधी २३५ डॉलरची फी ऑनलाइन भरा, म्हणजे कार्ड पोस्टानं घरी येतं. तोवर पासपोर्टावरचा शिक्क्यासकटचा व्हिसा वर्षभर कार्डासारखा चालतो.

एक बारीक गोष्ट. उतरण्याच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पुरी झाली नसतील तर दोन वर्षांचं, अटी असलेलं कार्ड मिळतं. झाली असतील तर दहा वर्षांचं. मोजतात तो दिवस उतरण्याचा, व्हिसा मिळाल्याचा नव्हे. लग्नाच्या दुसऱ्या वाढदिवसाला तीन आठवडेच उरले असतील आणि व्हिसाची मुदत पुरत असेल, तर तिकीट पुढे ढकला. आमच्या शेजारच्या मुलीनं सत्यनारायण घालून, लग्नाला दोन वर्षं झाल्यावर विमान पकडलं. विमानतळावर अधिकाऱ्याला तारीख दाखवली, आणि तिचा एक अख्खा अर्ज वाचला.

दोन वर्षांचं कार्ड

तो अर्ज म्हणजे आय-७५१. कार्डाची मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून करायचा, फी ७५० डॉलर. लवकर केला तर परत येतो. केलाच नाही तर राहण्याचा हक्कच जातो. कार्ड हातात आलं त्या दिवशी दोघांच्या मोबाइलमध्ये ती तारीख घाला आणि आईवडिलांनाही सांगून ठेवा. अर्ज पोचल्याची जी पावती येते ती कार्डाची मुदत ४८ महिन्यांनी वाढवते. ती पावती जिवापाड सांभाळा, कार्डासोबत तीच दाखवायची असते.

इथे पुरावा हवा एकत्र संसाराचा: दोघांच्या नावाचा भाडेकरार, जोडखातं, एकत्र भरलेला कर, विमा, विजेचं बिल, मुलाचा जन्मदाखला. नव्या सुनांच्या नावावर पहिल्या वर्षात काहीच नसतं, सगळं नवऱ्याच्या नावावर. पोचल्यावर पहिल्या महिन्यातच जोडखातं उघडायला आणि भाडेकरारात नाव घालायला सांगा. यात मागून घेण्यासारखं काही नाही, हे तुमच्या दोघांच्या अर्जाचं काम आहे.

घरात मारहाण होत असेल तर

"तू बोललीस तर तुझं कार्ड रद्द करीन." हे वाक्य मी एका मुलीच्या तोंडून ऐकलंय, रात्री दोन वाजता, फोनवर, कुजबुजत. ते खोटं आहे. नवऱ्याला तुमचं कार्ड रद्द करता येत नाही.

दोन वर्षांचं कार्ड असेल आणि छळ होत असेल, तर आय-७५१ एकटीनं करता येतो, नवऱ्याच्या सहीविना, ९० दिवसांची वाट न पाहता. खरेपणानं केलेलं लग्न मोडलं, घटस्फोट झाला, तरीही एकटीनं करता येतो. तुम्ही अमेरिकेत आहात आणि नागरिक नवऱ्यानं तुमच्यासाठी अर्जच केलेला नाही, तर आय-३६० हा अर्ज तुम्ही स्वतः करू शकता. त्याला फी नाही, आणि त्याची माहिती नवऱ्याला द्यायला कायद्यानं बंदी आहे. पुरुषांनाही हेच हक्क आहेत. अमेरिकेतली हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३, दिवसरात्र चालते. न्यू जर्सीत 'मानवी' ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करते.

आणखी एक प्रकार होतो. नवरा गावी आणून सोडतो, कार्ड आणि पासपोर्ट काढून घेतो आणि एकटा निघून जातो. घाबरू नका, आणि वेळ घालवू नका. पोलिसांत हरवल्याची किंवा काढून घेतल्याची तक्रार द्या, नवा पासपोर्ट काढा, आणि अमेरिकेबाहेर असण्याला वर्ष व्हायच्या आत मुंबईच्या वाणिज्य दूतावासात आय-१३१ए अर्ज करा. त्यावर विमानात बसता येतं. म्हणून प्रत्येक मुलीला सांगते: कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो आईकडे ठेवा.

गावाची ओढ आणि सहा महिने

ग्रीन कार्ड म्हणजे तिथे राहणाऱ्याचं कार्ड. सलग १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर परतताना नव्यानं आलेल्यासारखी चौकशी होऊ शकते. वर्षापेक्षा जास्त झालं तर नुसत्या कार्डावर आत येता येत नाही.

हे माझ्यावर आलं. मी गणपतीला आले होते, पंधरा दिवसांसाठी. अनंत चतुर्दशीच्या आधल्या दिवशी आई खळ्यात शेवाळावरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं. मी राहिले. ती दर वेळी म्हणायची, "आणखी चार दीस रव गो," आणि त्या चार दिवसांचे सात महिने झाले. परतताना विमानतळावर मला वेगळ्या खोलीत बसवलं. तासभर प्रश्न. माझ्याकडे आईच्या ऑपरेशनचे इंग्रजी कागद होते, कामावरून रजेचं पत्र, घराचा भाडेकरार, कर भरल्याची प्रत. ते पाहून सोडलं. हे कागद नसते तर काय झालं असतं याचा विचार मी अजून करत नाही.

अशा खोलीत बसायची वेळ आली तर आय-४०७ नावाच्या कागदावर सही करू नका. तो आपण होऊन कार्ड परत करण्याचा कागद आहे. न्यायाधीशापुढे बाजू मांडण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि तो हवा असं शांतपणे म्हणा.

जास्त राहावं लागणार हे आधीच कळलं असेल, आईवडिलांचं आजारपण असेल, तर निघण्याआधी अमेरिकेत असतानाच आय-१३१ भरून री-एन्ट्री परमिट घ्या. बोटांचे ठसेही तिथेच द्यावे लागतात. ते दोन वर्षांपर्यंत चालतं, दोन वर्षांचं कार्ड असेल तर त्या कार्डाच्या मुदतीपर्यंतच.

बाकी सांभाळायचं ते थोडक्यात. घर बदललं की १० दिवसांत इमिग्रेशन खात्याला पत्ता कळवा. गाडीचा परवाना काढताना "मतदार म्हणून नोंदवायचं का" असं विचारतात, नाही म्हणा. नागरिक नसताना मतदार नोंदणी करणं फार महागात पडतं. १८ ते २५ वयाच्या मुलग्यांना सिलेक्टिव्ह सर्व्हिसची, म्हणजे गरज पडल्यास सैन्यभरतीसाठी ठेवलेल्या यादीत, नोंद करावी लागते. कार्ड जवळ बाळगा.

खाती, कर आणि बाग

ग्रीन कार्ड घेतलं की जगभरच्या उत्पन्नावर अमेरिकेत विवरण भरायचं, "अनिवासी" म्हणून नव्हे. गावच्या बँकेत बाबांसोबतचं जोडखातं, मुदत ठेव, सगळं मिळून वर्षात कोणत्याही एका दिवशी १०,००० डॉलरच्या वर गेलं तर एफबार हे वेगळं विवरण द्यावं लागतं. त्यात कर नाही, फक्त कळवणं आहे, पण न कळवल्याचा दंड जबर. इकडे बँकेला सांगून बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घ्या.

बागेचं आधी ठरवा. परदेशी राहायला गेलेल्या माणसाला भारतात शेतजमीन, बाग, फार्महाऊस विकत घेता येत नाही आणि बक्षीसपत्रानंही मिळत नाही. वारसा हक्कानं मिळते. बाबांच्या मनात चार कलमं मुलीच्या नावावर करायची असतील तर ते ती जाण्याआधी करावं, नाहीतर मृत्युपत्रात लिहावं. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, आणि अमेरिकेला गेल्यानं तो बुडत नाही. निघायच्या आदल्या आठवड्यात कुणी हक्कसोडपत्र पुढे केलं तर घाईत सही करू नका. घरी नेऊन वाचा.

नागरिक जोडीदारासोबत राहत असाल तर कार्ड मिळाल्यापासून तीन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज, एन-४००, करता येतो, मुदतीच्या ९० दिवस आधीपासून. त्या तीन वर्षांतले किमान १८ महिने प्रत्यक्ष अमेरिकेत गेलेले हवेत. २० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांना नवी परीक्षा आहे, १२८ प्रश्नांतून २० विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणून शपथ घेतली की भारतीय पासपोर्ट जमा करून ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं, कार्ड घ्यायचं. शेतजमिनीचा नियम ओसीआयलाही तोच.

मी अजून तो अर्ज केलेला नाही. यंदा गणपतीला जाताना परतीचं तिकीट काढूनच निघते आहे. पिशवीत भाडेकरार, कराची प्रत, कामावरचं पत्र आहे, आणि माळ्यावरच्या पेटीत ठेवायला आईसाठी तीन प्लॅस्टिकच्या झिपवाल्या पिशव्या.